मेलोट्रॉनचा सूर लॅपटॉपवर: कोणता प्लगइन घ्यावा?

शॉर्टफिल्मचं पार्श्वसंगीत, मंडळाचं गणपतीचं गाणं, जोतिबाचं भक्तिगीत, यातलं बरंचसं काम आता कोल्हापुरात घरातल्या एका खोलीत लॅपटॉप आणि मिडी कीबोर्डवर होतं. तिथे बसून काम करणाऱ्याला कधी ना कधी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’च्या सुरुवातीला वाजते ती धुरकट बासरी हवीशी वाटतेच. ती मेलोट्रॉनची, म्हणजे टेपवर रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या जुन्या कीबोर्डची. खरं यंत्र इथे मिळणं अवघड, आणि मिळालं तरी ते सांभाळणार कोण? त्यामुळे प्रश्न उरतो तो सॉफ्टवेअरचा, म्हणजे संगीताच्या प्रोग्राममध्ये जोडायच्या प्लगइनचा.

त्याआधी मूळ यंत्राचा स्वभाव कळायला हवा, नाहीतर पैसे चुकीच्या गोष्टीवर जातील. हे वाद्य 1963 मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमला तयार झालं, अमेरिकेतल्या चेंबरलिन या वाद्यावरून. 1970 साली आलेल्या एम 400 मॉडेलला 35 पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीखाली टेपची स्वतंत्र फीत. पट्टी दाबली की फीत आवाज वाचणाऱ्या हेडवरून सरकते, सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढते. फीत साधारण 8 सेकंदांची. ती संपली की सूर बंद. प्रत्येक सूर वादकाने वेगळा वाजवून रेकॉर्ड केलेला, म्हणून शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांचा पोतही किंचित वेगळा लागतो. मोटारीचा वेग हलला की सूरही हलतो. आपल्याला जो आवाज आवडतो, तो या सगळ्या अडचणींसकटच आवडतो.

जीफोर्स कंपनीचा एम-ट्रॉन प्रो हा प्लगइन या बाबतीत सगळ्यात हट्टी. टेप जिथे संपते तिथे सूर थांबतो. लूप करून पुढे ढकलत नाही. केरव्याच्या आठ मात्रा 120 च्या लयीत 4 सेकंदांत होतात, म्हणजे एका दमात दोन आवर्तनं मिळतात. तेवढ्यात स्वरसमूह बदलायचा, नाहीतर बोटं आळीपाळीने उचलत राहायची, जुने वादक करायचे तसं. विलंबित ख्यालामागे तंबोऱ्यासारखं धरून ठेवायला हा कामाचा नाही. पण भावगीताच्या अंतऱ्यामागे त्याची व्हायोलिन्स घातली, की सूर विझण्याआधी पुढचा सूर पकडण्याची जी घाई होते, तीच गाण्याला श्वास देते. एकावर एक दोन थर लावता येतात आणि टेप निम्म्या वेगाने चालवता येते. गूढ प्रसंगाला ती युक्ती उत्तम. माझं मत विचाराल तर निव्वळ मेलोट्रॉनच हवा असेल तर हाच घ्यावा. मात्र त्यातून अशा टेपच्या आवाजांपलीकडे फारसं काही मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

आर्टुरियाचा मेलोट्रॉन व्ही थोडा मवाळ आहे. टेपची थरथर, यंत्राचा खडखडाट कमीजास्त करता येतो, आणि मुख्य म्हणजे स्वतःचे आवाज आत घालता येतात. इथे मला खरी गंमत दिसते. कारखान्यातून आलेल्या टेपांत व्हायोलिन, बासरी, चेलो, कॉयर. आपल्याकडचं काहीच नाही. सनईवाल्या ओळखीच्या माणसाला दोन तास बसवून सुटे सूर रेकॉर्ड केले आणि ते या यंत्रात टाकले, तर असा आवाज तयार होतो जो दुसऱ्या कुणाकडे नाही. भजनी मंडळाचा एकत्र ‘आ’कारही असाच चालेल. फक्त एकच सूर घेऊन तो सगळ्या पट्ट्यांवर ताणू नका. वरच्या पट्ट्यांवर सनईची पिपाणी होते. जितके सूर वेगळे घ्याल तितकं बरं. व्ही कलेक्शनचा संच घेतला तर जुने सिंथ, ऑर्गन, पियानो सोबत येतात, त्यामुळे सगळंच नव्याने उभं करणाऱ्याला हा सौदा परवडतो.

आयके मल्टिमीडियाचा सॅम्पलट्रॉन 2 या दोघांच्या मधला. त्यातही स्वतःचे नमुने घालता येतात आणि तीन थर एकत्र करता येतात. आवाज जरा गुळगुळीत वाटतो मला, पण मिक्समध्ये चटकन बसतो.

मॅकवर लॉजिक प्रो हे संगीताचं सॉफ्टवेअर असेल तर खिशात हात घालण्याआधी त्यातला व्हिंटेज मेलोट्रॉन उघडून बघा. दोन आवाज मिसळा, वेग बदला, झालं. पुष्कळांचं काम एवढ्यावर भागतं. विंडोजवाल्यांसाठी डिसेंट सॅम्पलर हा फुकट प्लेअर आहे आणि त्यात चालणारे टेप-कीबोर्डचे फुकट संचही मिळतात. जुने फुकट प्लगइन मात्र बऱ्याचदा 32 बिटचे असतात. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालतच नाहीत.

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांना एक वेगळी सूचना. गायक काळी एकमधून गाणार की काळी पाचमधून, आपण मात्र पांढरी एकवर बोटं ठेवून सगळे सूर वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबायचं, ही सवय इथे नडते. प्लगइनच्या आत सूर वर-खाली केला तर सगळ्याच टेपा ताणल्या जातात आणि पोत बिघडतो. कीबोर्डवरून ट्रान्सपोज केलं तर योग्य ती टेप वाजते, पण पट्ट्या मुळात 35 च, त्यामुळे एका टोकाला मुक्या पट्ट्या लागतात. थेट गायकाच्या पट्टीतून वाजवायचा रियाझ केलेला बरा.

किमती डॉलर-पौंडात असतात आणि परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड लागतं. नोव्हेंबरच्या आसपास या कंपन्या चांगली सूट देतात. गणपतीचं काम अंगावर नसेल तर तोवर थांबा. आर्टुरियाचं चाचणीसाठी फुकट मिळतं, तर आधी त्यावर तुमचंच एखादं अर्धवट गाणं वाजवून बघा. धरून ठेवलेला सूर संपला की चिडचिड होत असेल, तर एम-ट्रॉनच्या वाटेला जाऊ नका. आणि तपोवन मैदानावर, जनरेटरच्या विजेवर वाजवायचं असेल, तर हे आवाज आधीच रेकॉर्ड करून ट्रॅकमध्ये घ्या. लॅपटॉप स्टेजवर नेऊच नका.