हेमिंग्वे चार डॉलरला, मेलव्हिल काचेच्या कपाटात

अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीहून तासाभरावर, बर्कशायरच्या डोंगरात जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण बाहेर सहाच गाड्या मावतात आणि ऑक्टोबरात रंगीत झाडं बघायला आलेली मंडळी त्याही जागा अडवतात. मी आणि माझी अकरावीतली लेक गेल्या दोन वर्षांत पाच-सहा वेळा तरी जाऊन आलोय, तेव्हा हे एका भेटीवरचं मत नाही.

जुनं लाकडी घर. खाली अमेरिकन कादंबऱ्या नि कविता, माडीवर इतिहास, तळघरात दोन डॉलरवाला माल. किंमत पुठ्ठ्यामागच्या कोऱ्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने. मालक सत्तरीचे. शर्टाच्या खिशात खोडरबर कायम. कोणाचा भाव चढला, कोणाचा पडला, ते त्या कोपऱ्यातल्या खाडाखोडीत वाचायला मिळतं. मी तर पुस्तक उघडलं की आधी तेच बघते.

दारातून शिरलं की डाव्या हाताला हेमिंग्वे. फळीवर मावत नाही म्हणून जमिनीवर ढीग. कुठलंही उचला, चार डॉलर. मला जरा लागलंच. सातवीत असताना बाबांनी 'एका कोळियाने' आणून दिलं होतं, म्हणजे हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा पु.लं.नी केलेला अनुवाद. पु.लं.चं म्हणून हसायच्या तयारीने उघडलं, तर म्हातारा एकटाच भर समुद्रात गेला तरी विनोद काही येईना. मग मात्र पुस्तक हातातून सुटेना. आणि हा १९५४चा नोबेलवाला इथे जमिनीवर? मालक म्हणाले, घेणारे आहेत हो, पण वडील गेले की मुलं अख्खा संच खोक्यात घालून आणून टाकतात. नाशिकवालीला आवक आणि भाव कोणी शिकवायला नको. कांद्याचंही हेच होतं. लेकीचं मत वेगळं. 'आई, त्याच्या गोष्टीतल्या बायका बघ ना. प्रेम करतात, नाहीतर मरतात.' यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही.

तळघरात लाँगफेलो. चामडी बांधणी, कडांना सोनेरी मुलामा, आत कुठल्याशा शाळेने बक्षीस दिल्याची चिठ्ठी, शाई तपकिरी पडलेली. दोन डॉलर! १८८२ साली हा कवी वारला, तर दोनच वर्षांत लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा अर्धपुतळा बसला होता. इतका मान. आता मध्यंतरी एक बाई दिवाणखान्याच्या फळीसाठी तीन फूट लाँगफेलो घेऊन गेल्या म्हणे. फूट!

खरा ऐवज गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात. १९३०चं 'मोबी डिक', रॉकवेल केंटच्या चित्रांचं. काळं कापड, त्यावर रुपेरी देवमासा. मालकांनी हात पुसायला लावून मग हातात दिलं. मुखपृष्ठ नीट पाहिलं तर चित्रकाराचं नाव आहे, मेलव्हिलचं नाहीच. छापायचं राहूनच गेलं होतं! त्या माणसाचं नशीबच तसं. दुकानापासून थोड्या अंतरावर पिट्सफील्डमधल्या ॲरोहेड नावाच्या घरात बसून त्याने हे लिहिलं. १८५१ला पुस्तक आलं, आपटलं, पुढे १९ वर्षं न्यूयॉर्कच्या जकात खात्यात नोकरी. १८९१मध्ये गेला तेव्हा फारसं कोणाला आठवतही नव्हतं. १९१९ला जन्मशताब्दी झाली, दोन वर्षांनी चरित्र आलं आणि मग लोक शोधायला लागले. या प्रतीवर आता १४० डॉलर लिहिलंय. खालचं खोडलेलं ११० अजून दिसतं.

मार्क ट्वेनची गंमत अलीकडची. १८८५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्डच्या वाचनालयाने त्याची 'हकलबेरी फिन' ही कादंबरी गावंढळ म्हणून बाहेर काढलं होतं. आताचा आक्षेप काळ्या माणसांसाठी त्यात जागोजागी येणाऱ्या शिवीवर. त्यामुळे मला वाटायचं, हाही हळूहळू तळघराच्या वाटेला लागणार. पण पर्सिव्हल एव्हरेटचं 'जेम्स' आलं, २०२४ला. तीच गोष्ट, पण त्यातल्या पळून निघालेल्या गुलाम जिमने सांगितलेली. तेव्हापासून लोक दोन्ही एकत्र मागतात. लेकीच्या वर्गातही दोन्ही जोडीनेच लावलीत. आम्ही गेलो त्या दिवशी ट्वेनच्या फळीवर दोन बोटं धूळ असायच्या जागी पुस्तकं गेल्याची रिकामी पट्टी होती. लेकीला शेवटी पान सुटलेला पेपरबॅक मिळाला, तीन डॉलरला.

आता तक्रारी. एडिथ व्हॉर्टनची एक कादंबरी आठ डॉलरला घेतली, घरी येऊन बघते तर मधली सोळा पानं गायब. परत घेत नाहीत, तशी पाटीच आहे. फोन केला तर मालक म्हणाले, वाचनालयातून आणून तेवढी पानं वाचा. (वाचली. पण हे काय उत्तर झालं?) तळघरात कुबट वास इतका की दहा मिनिटांत शिंका सुरू. जिना अरुंद, गुडघेवाल्यांनी उतरू नये. कार्ड घेतात, पण वीस डॉलरच्या वर. सोमवार ते बुधवार बंद.

तरीही जा, आणि गेलात की गल्ल्यावरची वही मागा. हवं असलेलं पुस्तक नि आपलं नाव त्यात लिहून ठेवायचं, आलं की फोन येतो. मी चार पानं उलटली. बॉल्डविन, शर्ली जॅक्सन, ऑक्टेव्हिया बटलर, पुन्हा बॉल्डविन. झोरा नील हर्स्टन ही कृष्णवर्णीय लेखिका सर्वांत जास्त. ती १९६०मध्ये फ्लोरिडात गेली तेव्हा थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. १९७३ साली लेखिका ॲलिस वॉकरने जागा शोधून तो बसवला. तिचे पेपरबॅक इथे येतात, पण आठवडा काढत नाहीत. जुनी पुठ्ठाबांधणीची प्रत तर मालकांच्या हातून तीन वर्षांत एकच गेलीय. चार पानांत हेमिंग्वे एकदाही नाही.

मीही हर्स्टनखाली नाव लिहिलं. माझ्या आधी अकरा जण आहेत.