बायबल ॲपचा तारणावरचा प्लॅन: वचनं बरोबर, पण अर्ध्यात सोडलंय

मोबाईलवरच्या एका बायबल ॲपमध्ये तारणावरचा, म्हणजे देव माणसाला पापातून कसा सोडवतो यावरचा, छोटा रीडिंग प्लॅन आहे, फ्री आहे, रोज थोडंसं वाचायचं आणि खाली दोन ओळींचं मनन. तो पूर्ण केला म्हणून लिहितेय. ॲपचं नाव देत नाही, असे प्लॅन आता ढीगभर आहेत आणि थोड्याफार फरकाने साचा सगळ्यांचा एकच.

आधी चांगलं सांगते. वाट नेहमीचीच, ज्याला रोमन्स रोड म्हणतात ती. पौल या प्रेषिताने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या रोमकरांस पत्रातलं ३:२३ (अध्याय ३, वचन २३), सगळ्यांनी पाप केलंय. मग ६:२३, पापाचं वेतन मरण पण देवाचं कृपादान सार्वकालिक जीवन, मग ५:८ आणि शेवटी १०:९, तोंडाने कबूल करा आणि मनापासून विश्वास ठेवा. ज्याने बायबल कधी उघडलंच नाही त्यालाही गाभा कळतो, म्हणजे माणूस स्वतःच्या जोरावर देवापर्यंत पोचत नाही म्हणून देवच येशूमध्ये आपल्याकडे आला, आपलं पाप त्याने वधस्तंभावर घेतलं, तिसऱ्या दिवशी उठला, आणि हे सगळं मिळतं ते फुकट, कमवून नाही. ५:८ चा भाग मला सगळ्यात आवडला. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, म्हणजे आधी सुधारून ये मग बघू अशी अट नाही. दिवसभर मार्क, रेटिंग, टार्गेट यांच्यावर स्वतःची किंमत ठरवून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे एवढं जरी नीट पोचलं तरी खूप झालं.

पण गंमत बघा, हे सगळं वाचून झालं की स्क्रीनवर काय येतं तर स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस वाचलं त्याचा आकडा! एक दिवस वाचायचं राहिलं तर संध्याकाळी नोटिफिकेशन, "तुमची स्ट्रीक तुटणार". पौलाचंच दुसरं पत्र, इफिसकरांस, २:९ मध्ये म्हणतं तारण कर्मांनी मिळत नाही, कोणी बढाई मारू नये म्हणून, आणि त्याच पानाखाली बॅज आणि बॅज शेअर करायचं बटन. ज्याने हे डिझाइन केलं त्याने ते वचन वाचलं होतं का असा प्रश्न पडतो 😄 बरं, सेटिंगमध्ये जाऊन स्ट्रीक बंद करता येते, तेवढं आधी करून टाका.

खरी तक्रार पुढे आहे. प्लॅन इफिसकरांस २ मधलं ८ आणि ९ दाखवतो आणि तिथेच कट! १० वं वचन नाहीच, आणि वाक्याचा अर्थ तर तिथे पूर्ण होतो, आपण देवाची हस्तकृती आहोत, सत्कृत्यं करण्यासाठी घडवलेले. सत्कृत्यांनी तारण नाही पण तारण झालेलं आहे ते सत्कृत्यांसाठी, एवढा साधा क्रम आहे आणि तोच कापलाय. तसे हे वचनांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत, नव्या करारातले आजचे आकडे रॉबेर एस्तियेन नावाच्या छापखानेवाल्याने १५५१ च्या आवृत्तीत घातले, पौलाने लिहिलं ते सलग पत्र. ॲप मात्र त्याचे तुकडे करून सुंदर बॅकग्राउंडवर चिकटवतं.

याचा परिणाम असा की प्लॅन संपल्यावर तारण म्हणजे मेल्यानंतरची सोय एवढंच डोक्यात राहतं. शेवटच्या दिवशी एक छोटी प्रार्थना, खाली "मी निर्णय घेतला" असं बटन, दाबलं की अभिनंदन. मग उद्या सकाळी काय? त्यावर एक ओळ नाही.

खरं तर बायबलमध्ये याचं उत्तर अगदी डोळ्यासमोर आहे. प्रेषितांची कृत्ये १६ मधला फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी प्लॅनमध्ये आहे, पण फक्त "तारण होण्यासाठी मी काय करावं" हा प्रश्न आणि "प्रभू येशूवर विश्वास ठेव" हे उत्तर. पुढचं गायब. पुढे काय होतं, तर तुरुंगात असलेले पौल आणि त्याचा साथीदार सीला यांना आदल्याच दिवशी फटके बसलेत, याच माणसाने त्यांचे पाय खोड्यात अडकवलेत, आणि त्याच रात्री तोच त्यांच्या जखमा धुतो, घरी नेऊन जेवू घालतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराचंही तेच. येशू आधी त्याच्या घरी जातो, लोक कुरकुरतात, आणि मग हा जकातदार म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. जक्कय प्लॅनमध्ये नाहीच, पैशाचा विषय आला की काय माहीत.

यावर कोणी म्हणेल येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या, शेवटच्या क्षणी त्याच्यावर विश्वास ठेवलेल्या गुन्हेगाराला कुठे सत्कृत्यं करायला वेळ मिळाला. बरोबर, म्हणूनच कृपा आधी, त्याला सुखलोक फुकटच मिळालं. पण ज्याला पुढे जगायचंय त्याचं काय, एवढंच विचारतेय. आणि हे माझंच डोकं नाही, १५१७ पासून, म्हणजे मार्टिन लुथरपासून, ज्या भांडणावरून चर्च फुटली त्यावर कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबर्गमध्ये एका संयुक्त घोषणेवर सही केली, त्यातही हेच आहे, देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही गुणामुळे नाही, आणि पवित्र आत्मा मनं नवी करून चांगल्या कामांसाठी बोलावतो. दोन्ही बाजूंना जमलं ते ॲपला का जमू नये.

पुनरुत्थानाला पण एकच ओळ मिळालीय, हे जास्तच खटकलं. पौल १ करिंथ १५ मध्ये सरळ म्हणतो ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून पापातच आहात. शुक्रवारवर (वधस्तंभ) भरपूर आणि रविवारवर (पुनरुत्थान) घाईघाईत, असं झालंय.

ऑडिओ चांगला आहे, आवाज शांत, उगाच रडका नाही. मननाची भाषा मात्र कुठेकुठे मशीनने केल्यासारखी.

पाचपैकी तीन स्टार. नवीन माणसाला सुरुवातीला द्यायला हरकत नाही, फक्त सोबत रोमकरांस पत्राचे पहिले आठ अध्याय आणि इफिसकरांस २ सलग वाचायला सांगा, आणि ॲपमध्ये वचनांचे आकडे लपवायचा ऑप्शन आहे तो चालू करून द्या.