पिकअपचा सेल्फ: जुनाच करून घ्यावा की नवा टाकावा?

डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक चढली की सोलापूरच्या मार्केट यार्डाबाहेर पिकअपच्या रांगा लागतात. इंजिन बंद करून तासभर थांबलेली एखादी गाडी चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ करते आणि गप्प बसते. चौघे धक्का मारतात, माल कसाबसा उतरतो, आणि मग मालकापुढे प्रश्न येतो: आहे तोच सेल्फ (म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनला पहिले वेढे देणारी मोटर) दुरुस्त करायचा, कंपनीचा नवा घ्यायचा, बाजारातला स्वस्त नवा बसवायचा, की भंगारातल्या गाडीचा उतरवलेला आणायचा?

माझा कौल आधीच देतो. आर्मेचर, म्हणजे सेल्फच्या आत फिरणारा तांब्याच्या तारांचा गाभा, शाबूत असेल तर गाडीबरोबर आलेला मूळ सेल्फच चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आर्मेचर जळालं असेल आणि ते बदलून दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर कंपनीचा नवा घ्या. बिननावाच्या डब्यातला स्वस्त नवा या चारांत मला सगळ्यांत महाग वाटतो.

पण सेल्फच गेलाय ना?

पुष्कळदा दोष बॅटरीचा किंवा तारेचा असतो आणि उतरवला जातो सेल्फ. साधा मल्टिमीटर असला तरी निकाल लागतो. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी न्यूट्रलला ठेवून एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर बघायचा. आकडा ९.६ च्या खाली घसरला तर आधी बॅटरी लोडवर तपासून घ्या. बॅटरी ठणठणीत असूनही आकडा आपटत असेल तर सेल्फ आतून जड झालाय.

मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं सेल्फच्या जाड तारेच्या बोल्टवर धरून पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तार किंवा टर्मिनल करंट खातंय. मायनसपासून सेल्फच्या बॉडीपर्यंतही असंच बघा. तिथे पाव व्होल्टच्या पुढे गेलं तर अर्थची पट्टी, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी पट्टी, सोडवून घासा. काळ्या मातीच्या चिखलात फिरणाऱ्या गाडीची इंजिन ते चासी ही पट्टी गंजलेली निघणं काही नवल नाही, आणि ती बदलायला सेल्फच्या मानाने काहीच खर्च येत नाही.

इथवर सगळं ठीक निघालं तर आवाजावरून बरंच कळतं. ‘टक्’ होतं पण हेडलाइट मंद होत नाही, म्हणजे सोलेनॉईडचे (सेल्फवरच्या विजेच्या खटक्याचे) कॉन्टॅक्ट खाल्लेत किंवा कार्बन (आर्मेचरला करंट देणारे घासते ठोकळे) संपलेत. सेल्फ नुसता गरगरतो आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फचा दातेरी पिनिअन इंजिनला जोडून फिरवणारा भाग, घसरतोय. गार असताना गाडी एका झटक्यात लागते आणि तापल्यावर सेल्फ रेंगाळतो, हे बुश (शाफ्टची टोकं ज्यात फिरतात त्या धातूच्या नळ्या) झिजल्याचं जुनं लक्षण. शाफ्ट एका बाजूला बसतो आणि आर्मेचर कडेला घासायला लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे हे दुखणं नेमकं तेव्हा डोकं वर काढतं. चावी सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिला तर विचार करत बसू नका, बॅटरीचं टर्मिनल उपसा. सोलेनॉईडचे कॉन्टॅक्ट चिकटलेत.

इथे हातोडीबद्दल एक सांगायला हवं. सेल्फला दोन टोले दिले की गाडी लागते, हा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे आणि कार्बन झिजलेल्या जुन्या सेल्फवर तो चालतोही. पण अलीकडच्या लहान आकाराच्या गिअर रिडक्शन सेल्फमध्ये (ज्यात मोटर आणि पिनिअनच्या मध्ये गिअर असतात) बऱ्याचदा बॉडीला आतून तारेचं वेटोळं, म्हणजे फील्ड कॉईल, नसते, आत चुंबक चिकटवलेले असतात. टोल्याने ते तडकतात आणि कार्बनवर भागलं असतं ते काम नव्या सेल्फवर जातं.

जुना करून घेणे

वर सांगितलेली दुखणी, म्हणजे कार्बन, बुश, कॉन्टॅक्ट, बेंडिक्स, ही सगळी झिजणारी आणि सुटी मिळणारी. मूळ सेल्फची बॉडी, नाकाचं (पिनिअनकडच्या पुढच्या टोकाचं) कास्टिंग आणि आर्मेचर हा त्यातला खरा ऐवज. तो धड असेल तर दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीपुढे किरकोळ असतो, आणि इलेक्ट्रिशियन मोकळा असला तर गाडी त्याच दिवशी रस्त्यावर येते.

खोलल्यावर समोर उभे राहा. आर्मेचरच्या पत्र्यांवर एका बाजूला चकचकीत घासल्याच्या खुणा दिसल्या तर बुश गेलेत हे नक्की. टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉम्युटेटरला (आर्मेचरवरचा तांब्याचा गोल भाग, ज्यावर कार्बन घासतात) आणि दुसरं शाफ्टला लावायला सांगा. दिवा लागला तर आर्मेचर अर्थ झालंय, म्हणजे तारेतला करंट शाफ्टला लागतोय. कॉम्युटेटरच्या मागच्या जोडांवरून कथील वितळून बॉडीच्या आत शिंतोडे उडालेले दिसले, तर कोणीतरी चावी धरून मिनिटभर सेल्फ मारत राहिलाय. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नसतो आणि पुढच्या प्रयत्नाआधी त्याला मिनिटभर तरी थंड होऊ द्यायचं असतं.

चांगला कारागीर ओळखायला दोन गोष्टी पुरतात. नवे कार्बन टाकण्याआधी तो कॉम्युटेटर लेथवर साफ करून घेतो, कारण खड्डे पडलेल्या कॉम्युटेटरवर नवे कार्बन भराभर झिजतात. आणि नवा बुश तो आधी तेलात भिजत घालतो. डब्यातून काढून कोरडाच ठोकणारा माणूस तुम्हाला लवकरच पुन्हा भेटणार.

आता आर्मेचर ‘भरून देतो’ असं कोणी म्हणालं तर. शेतातली पाण्याची मोटर भरून घेतली की वर्षानुवर्षं चालते, म्हणून हेही चालेल असं वाटतं. पण पंपाच्या मोटरमध्ये बारीक तार असते. डिझेल पिकअपच्या सेल्फमध्ये काही क्षणांसाठी शेकडो अँपिअर धावतात, तिथे तांब्याच्या जाड पट्ट्या असतात आणि कॉम्युटेटरशी त्यांचे जोड कारखान्यासारखे गल्लीत जमणं कठीण. म्हणून जळालेलं आर्मेचर भरण्यापेक्षा बदलावं. आणि आर्मेचर बदलून दुरुस्तीचा अंदाज नव्या सेल्फच्या निम्म्यावर गेला की दुरुस्ती सोडून द्यावी.

कंपनीचा नवा

यात खर्च जास्त, पण झिजणारं सगळं एकदम नवं, सोबत बिल आणि वॉरंटी. रोज पहाटे भाजी, दूध किंवा डाळिंब घेऊन निघणाऱ्या गाडीला हा पर्याय परवडतो, कारण तिथे एक खाडाही महाग पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी सेल्फवर २८ टक्के होता. त्यामुळे नव्याकडचं पारडं पूर्वीपेक्षा थोडं जड झालंय, हे मान्य करायला हवं.

दुकानात जाताना जुना सेल्फ पिशवीत घालून न्या. बॉडीवरच्या पट्टीवरचा नंबर, पिनिअनचे दात, बोल्टची भोकं, फिरण्याची दिशा, सगळं शेजारी ठेवून जुळवा. एकाच मॉडेलच्या पिकअपमध्ये इंजिन आणि साल बदललं की सेल्फ बदलतो. सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणारी यंत्रणा असलेल्या गाडीला तर त्यासाठीचाच मजबूत सेल्फ लागतो, साधा बसवला तर लवकर झिजतो. ल्युकास टीव्हीएस, बॉश ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. बॉशचा सेल्फ-अल्टरनेटरचा धंदा २०१८ मध्ये दुसऱ्या मालकीत जाऊन सेग ऑटोमोटिव्ह झाला, तेव्हा डब्यावर ‘सेग’ दिसलं म्हणून लगेच नकली ठरवू नका.

स्वस्त नवा आणि भंगारातला

स्वस्त नवा हातात घेतला की हलका लागतो, आणि तिथेच शंका यावी: आत तांबं कमी असण्याची शक्यता असते. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, त्यात माल भरलेली गाडी दिवसात वीस ठिकाणी थांबणारी. पिनिअनचं लोखंड मऊ निघालं तर ते स्वतः झिजतंच. कडक पण ओबडधोबड निघालं तर फ्लायव्हीलची रिंग (इंजिनच्या चाकावरची दातेरी कडी, जिला पिनिअन फिरवतं) खातं, आणि रिंग बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. वाचवलेले पैसे तिथे दामदुप्पट जातात.

भंगारातला सेल्फ त्यापेक्षा बरा, पण तो मूळ कंपनीचा असेल आणि खोलून दाखवत असतील तरच. तो थेट गाडीवर चढवायचा नाही; त्याचं धड आर्मेचर किंवा नाक आपल्या सेल्फला घालायचं, एवढाच त्याचा उपयोग.

उतरवायचा कोणी?

खाली खड्डा किंवा रॅम्प असेल तर हे काम घरी होण्यासारखं आहे. रस्त्याच्या कडेला जॅकवर गाडी उचलून खाली शिरणार असाल तर करू नका; स्टँडशिवाय गाडीखाली जायचं नाही.

बॅटरीचं मायनस सगळ्यात आधी काढायचं. ते विसरून जाड तारेच्या नटला पाना लावला आणि पाना चासीला टेकला की ठिणगी उडून पाना तिथेच चिकटतो. जाड तार, मग सोलेनॉईडची बारीक तार, मग बेल हाऊसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कवचाचे, ज्यावर सेल्फ बसतो) दोन-तीन बोल्ट. शेवटचा बोल्ट सोडताना दुसऱ्या हाताने सेल्फ पेलून धरा, तो दिसतो त्यापेक्षा वजनाला भारी असतो. बोल्ट लांब-आखूड असतील तर कुठला कुठे होता ते लक्षात ठेवा, मध्ये पातळ पत्रा निघाला तर तो फेकू नका.

सेल्फ बाहेर असतानाच टॉर्च घेऊन रिंगचे दात बघा आणि इंजिन हाताने फिरवून पूर्ण वेढा तपासा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक त्याच दोन जागी थांबतं, त्यामुळे दात तिथेच झिजलेले असतात. एका ठिकाणी चांगले दिसले म्हणून समाधान मानू नका.

बसवताना बेल हाऊसिंगची टेकणारी जागा घासून चकचकीत करा. सेल्फला अर्थ तिथूनच मिळतो, आणि नव्या सेल्फवर तिथे रंग असेल तर तोही खरवडा. जाड तारेचा नट आवळताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर बोल्ट फिरून सोलेनॉईडचं बॅकेलाइटचं टोपण तडकतं. मायनस सगळ्यात शेवटी.

इलेक्ट्रिशियनकडून करून घेत असाल तर गाडीवर चढवण्याआधी सेल्फ व्हाइसमध्ये पकडून थेट बॅटरीवर मारून दाखवायला सांगा: पिनिअन पुढे येऊन फिरलं पाहिजे आणि सोडताच मागे गेलं पाहिजे. बदललेले भाग परत मागून घ्या. नवा घेतला तर जुन्याची एक्स्चेंज किंमत ठरवल्याशिवाय तो दुकानात सोडू नका, आत तांबं आहे.

मजुरी चुकती करण्याआधी तुळजापूरच्या रस्त्याने एक चक्कर मारा. इंजिन चांगलं तापलं की बंद करून लगेच पुन्हा चावी फिरवा, कारण गार इंजिनवर आजारी सेल्फही फिरतो. लागोपाठ चार-पाचदा गाडी लावून झाली की इंजिन बंद करा, हातातलं कडं-अंगठी काढा आणि सेल्फच्या जाड तारेच्या टोकाला बोट लावून बघा. आजूबाजूच्या लोखंडापेक्षा ते जास्त चटका देत असेल तर नट ढिला राहिलाय.