बीपीच्या पेशंटची ईसीजी पट्टी: सोकोलो मोजावं की कॉर्नेल?

दवाखान्यात ईसीजी मशीन आहे, समोर दहा वर्षांचं बीपी असलेला पेशंट आहे. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे का, हे पट्टीवर कोणत्या मापाने बघायचं?

सोकोलो-लायन १९४९ पासून आहे आणि सगळ्यांना पाठ आहे. व्ही१ मधला एस (खाली जाणारी लहर), त्यात व्ही५ किंवा व्ही६ मधला मोठा आर (वर जाणारी लहर) मिळवायचा; व्ही१ ते व्ही६ म्हणजे छातीवरच्या जोडण्या. ३५ मिमी किंवा जास्त भरलं की भिंत जाड समजायची. अडचण छातीची आहे. सडपातळ तरुणाची बेरीज हृदय ठणठणीत असताना चाळिशी गाठते. अंगाने भरलेल्या बाईंची मात्र भिंत खरंच जाड असली तरी बावीसवर अडकते, कारण मधल्या चरबीने लहरी बुटक्या उमटतात.

कॉर्नेलमध्ये एव्हीएलचा (हातापायांवरच्या जोडण्यांतून मिळणारी एक लीड) आर आणि व्ही३ चा एस मिळवतात. पुरुषांत २८ च्या वर, बायकांत २० च्या वर गेलं तर जास्त. लठ्ठपणाचा याला कमी फटका बसतो. पण मला खरं उपयोगी वाटतं ते कॉर्नेल प्रॉडक्ट. बायकांच्या बेरजेत ६ मिमी मिळवायचे, मग क्यूआरएसच्या (खालचे कप्पे आकुंचन पावतानाची लहर) मिलिसेकंदातल्या रुंदीने गुणायचं, हद्द २४४०. जाड भिंतीतून लहर पसरायला वेळ लागतो, तो वेळही इथे हिशेबात येतो. समजा बाईंचा आर ९, एस ८. सतरा, म्हणजे नॉर्मल. आता ६ मिळवून २३, क्यूआरएस १०८ मिलिसेकंद: २४८४. पट्टी तीच, निकाल वेगळा.

म्हणून पन्नाशीपुढच्या, वजनदार पेशंटसाठी मी प्रॉडक्टच सुचवेन. जमलं तर सोकोलो आणि प्रॉडक्ट दोन्ही मोजा. बीपीच्या ९१९३ पेशंटच्या लाइफ नावाच्या अभ्यासात पेशंट घ्यायला दोन्हींपैकी एक माप वाढलेलं चालत होतं, फक्त सोकोलोची हद्द ३८ च्या वर होती. त्यातून हेही दिसलं की उपचाराने ही मापं उतरली त्यांचा धोका उतरला, बीपी किती कमी झालं ते वेगळं काढूनसुद्धा.

व्ही५-व्ही६ मध्ये एसटी (क्यूआरएसनंतरचा सपाट भाग) खाली घसरलेला आणि टी (त्यापुढची लहर) उलटा दिसला, तर आकड्यांची वाट बघू नका. हा स्ट्रेन, म्हणजे कप्प्यावर ताण आल्याची खूण, याचा धोका जास्त. लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (डाव्या कप्प्याकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत अडथळा) असेल तर ही नेहमीची मापं लावूच नका.

आणि मोजण्याआधी पट्टीवरचा कॅलिब्रेशनचा चौकोन बघा. तो १० मिमी उंच हवा. मशीन अर्ध्यावर असेल तर सगळे आकडे निम्मे येतील.

ईसीजी नॉर्मल आला म्हणून भिंत नॉर्मल, असं मात्र पेशंटला सांगू नका. जाड भिंतीचे बरेच पेशंट पट्टीतून निसटतात. शंका असेल, परवडत असेल, तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. नसेल परवडत, तर पुढच्या वर्षीच्या पट्टीशी ताडून बघता येईल. थर्मल कागद फिका पडतो, तेव्हा आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा.