बातमी आणि कथा: इंदूरच्या मराठी लेखकापुढील दोन वाटा

इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या लेखकाला पत्रकारिता करायची तर ती बहुधा हिंदीतच करावी लागते; १९४७ मध्ये येथे सुरू झालेल्या ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादकपद राहुल बारपुते या मराठीभाषकाने भूषवले, ही गोष्ट मला आजही आधार देते. कथा मात्र घरच्या मराठीत लिहिता येते. बातमीला महिन्याचा पगार आहे, रात्रीची मुदत आहे आणि प्रत्येक नावाची, आकड्याची खातरजमा करण्याची शिस्त आहे. कथेचे मानधन क्वचित मिळते, तेही तुटपुंजे.

तरीही बातमी कथेला पोसते, असे माझे ठाम मत आहे. राजवाड्याजवळच्या एका दुकानाला लागलेल्या आगीची बातमी मी दिली, तेव्हा शटर वाकून काळे पडल्यावरही मालकाने मुठीत घट्ट धरून ठेवलेली किल्ली त्या दोनशे शब्दांत मावली नाही. चार वर्षांनी माझी कथा त्या किल्लीपासूनच सुरू झाली. उलट दिशेने मात्र जपावे लागते, कारण कथेत शोभणारा कल्पित संवाद बातमीत शिरला की वाचकाचा विश्वास कायमचा जातो. म्हणून दोन्हींच्या वह्या मी वेगळ्या ठेवतो, आणि घर चालवण्याची जबाबदारी असलेल्या तरुणाला आधी बातमीच निवडायला सांगतो.