लेकीची अर्धशिशी, बिनलेबलच्या पुड्या आणि आमचे 33,000

औषध सुरू केलं आणि चार दिवसांत डोकं दुखायचं थांबलं. इथूनच सांगायला सुरुवात करतो कारण जो तो विचारतो की एवढे शिकलेले तुम्ही, फसलात कसे. असे फसलो. जवळजवळ वर्षभर जी पोरगी आठवड्यातून तीनदा खोलीत अंधार करून पडायची ती पाचव्या दिवशी सकाळी उठून पोहे मागते काय, दोनदा घेते काय. एवढी भूक कशाने लागतेय हे तेव्हा कोण विचारणार, आम्ही आनंदाने वाढत होतो.

आम्ही ठाण्याचे, आधी कळव्याला होतो, आता घोडबंदर रोडला. मी रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, मिसेस घरी शिकवण्या घेते. मुलीचं डोकं नववीच्या सहामाहीपासून दुखायला लागलं. उजव्या बाजूला ठणकायचं, उजेड नको, मिक्सरचा आवाज नको, मग उलटी आणि मग झोप. आधी वाटलं चष्मा लागला असेल. तेही करून झालं. दहावीचं वर्ष लागलं तसं वाढलं, शाळा, मग क्लास, दर रविवारी टेस्ट, रात्री एकला झोप, सकाळी दूध पिऊन पळायची आणि डबा निम्मा परत यायचा. शनिवारी रात्री डोकं धरणार हे ठरलेलंच. मेडिकलवरून पेनकिलर आणायचो, कधी आठवड्यात चार-चार.

आमच्या कळव्याच्या फॅमिली डॉक्टरांनी नौपाड्यात न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. ते भले माणूस, आज कळतंय, तेव्हा आम्हाला जरा कोरडेच वाटले. अर्धा तास मुलीशी बोलले, हातोडीने गुडघे तपासले, डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी आहे, तपासणी नॉर्मल आहे, एमआरआय लागणार नाही. खरं सांगतो, एमआरआय नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखं नाही वाटलं, उलट वाटलं की हा माणूस नीट बघत नाहीये. पेनकिलरचं ऐकल्यावर मात्र ते आमच्यावर चिडले. साध्या पेनकिलर महिन्यात 15 दिवस किंवा जास्त घेतल्या की काही महिन्यांत त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं म्हणाले. डायरी लिहायला सांगितली, किती वाजता दुखलं, आदल्या रात्री किती झोपली, काय खाल्लं, पाळी कधी होती, सगळं.

मग मी विचारलं, रोज घ्यायची एखादी गोळी नाही का, म्हणजे दुखायलाच नको. आहे म्हणाले आणि एकेक सांगत गेले. प्रोप्रॅनोलॉल असतं पण हिला लहानपणी दम्याचा त्रास, म्हणजे ते बाद. टोपिरामेट 12 वर्षांवरच्या मुलांना देतात पण त्यात हातापायाला मुंग्या येतात, काहींना शब्द पटकन आठवत नाहीत, बोर्डाच्या वर्षी ते नको. अमिट्रिप्टिलिन रात्री थोड्या डोसमध्ये देता येतं, फ्लुनारिझिन देता येतं, त्याने झोप येते आणि वजन थोडं वाढतं. कुठलंही घेतलं तरी फरक कळायला दीड-दोन महिने. आणि सोबत काउन्सेलिंग, कारण हिच्या डोकेदुखीची अर्धी चावी टेन्शनमध्ये आहे.

गॅरंटी किती, असं मी विचारलं. हा प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, अमेरिकेत 8 ते 17 वर्षांच्या मुलांवर मोठी चाचणी झाली, 2017 ला छापून आली. डोकेदुखीचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले असे अमिट्रिप्टिलिनवाल्यांत 52 टक्के निघाले, टोपिरामेटवाल्यांत 55 आणि नुसती औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 61. म्हणजे औषध न घातलेलीच पुढे, आणि तिन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणून मी उगाच जास्त गोळ्या देत नाही, मुलं बरीचशी सुधारतात, पण गॅरंटी कोणी देत असेल तर तिथून उठून या.

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि विसरलो. डोक्यात काय राहिलं, तर डॉक्टरच म्हणतायत की गोळ्यांचा उपयोग नाही.

फ्लुनारिझिन सुरू झालं. बारा दिवस दिलं. पोरगी क्लासमध्ये पेंगते अशी सरांची तक्रार आली, मी कोणाला न विचारता बंद केलं. ही चूक माझी, कोणा दुसऱ्याच्या माथी मारत नाही. डॉक्टरांना एक फोन केला असता तर डोस किंवा गोळी बदलून दिली असती.

त्याच आठवड्यात रात्री मोबाइलवर मुलांचं मायग्रेन, कायमचा उपाय असलं काहीबाही शोधत बसायचो आणि जाहिराती यायला लागल्या. एक मराठीत, आपल्याच भागातली. आणि बिल्डिंगमधल्या एका काकूंनी सांगितलं की त्यांच्या भाच्याला तिथेच गुण आला. (काकूंना पेशंट आणल्याबद्दल 2,000 सूट मिळाली होती हे नंतर कळलं. त्यांचाही भाचा आज हार्मोन्सच्या डॉक्टरकडे फेऱ्या मारतोय, त्यामुळे त्यांना काय बोलणार.)

जागा चकाचक. दुसरा मजला, एसी, भिंतीवर सत्काराचे फोटो, रिसेप्शनवरची मुलगी "या ताई, बसा ताई". मुलीच्या हातात एक धातूचा दांडा धरायला दिला, मिनिटभरात कॉम्प्युटरवर तीस पानांचा रंगीत रिपोर्ट. मेंदूचा रक्तपुरवठा कमी, लिव्हरमध्ये उष्णता, अमुक व्हिटॅमिन कमी. रक्ताचा थेंब न घेता! मी मशीनवाला माणूस आहे हो, दिवसभर सेन्सर आणि मीटर हाताळतो, हातात दांडा धरून व्हिटॅमिन मोजता येत नाही एवढं मला कळायला हवं होतं. पण समोर लेक बसलेली असली की अक्कल बाहेर चपलांजवळ राहते.

तिथल्या "डॉक्टर" साहेबांनी आमची जुनी चिठ्ठी वाचली आणि जे बोलले त्यात खोटं फार थोडं होतं. ही गोळी डिप्रेशनला देतात माहितीये का? ही फिटची आहे, माहितीये? याने वजन वाढतं, सांगितलं होतं का? घरी येऊन मी बघितलं तर खरंच निघालं. अमिट्रिप्टिलिन डिप्रेशनचं जुनं औषध आहे आणि टोपिरामेट फिटचं, मायग्रेनला ती वेगळ्या हिशोबाने देतात एवढंच. पण त्याने सांगितलेलं पडताळून खरं निघालं म्हटल्यावर माझा त्याच्यावर विश्वास बसला. आमच्याकडे शंभर टक्के जडीबुटी, सहा महिन्यांचा कोर्स, नव्वद दिवसांत मुळापासून, गॅरंटी लेखी. 42,000, आज भरले तर 33,000. मी 15,000 यूपीआयने दिले, ते कुठल्या तरी बाईच्या पर्सनल खात्यात गेले, बाकी कॅश. पावतीवर "वेलनेस पॅकेज". औषध हा शब्द त्या कागदावर कुठेच नाही आणि ती गॅरंटीसुद्धा नाही.

मिळालं काय? सकाळच्या आणि संध्याकाळच्या पुड्या, एका पांढऱ्या डबीत काळ्या गोळ्या. डबीवर मार्करने 1 आणि 2, बाकी काही नाही. आणि ताकीद दिली की कोर्स चालू असताना दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं नाही, रक्त तपासायचं नाही, औषधाचा असर उतरतो.

पुढचं वर सांगितलंच. डोकं थांबलं. ऑगस्ट गेला, गणपती मजेत गेले, मी ऑफिसात दोघांना क्लिनिकचा नंबर पण दिला. त्या दोघांची माफी मागून झालीये.

मिसेसला आधी खटकलं. दिवाळीचा कुर्ता ऑगस्टच्या मापाने शिवला होता, तो दंडात चढेना. चेहरा गोल गरगरीत, गालांवर लाली, पाठीवर पुटकुळ्या, पोटावर जांभळट रेघा. वजन तीन महिन्यांत नऊ किलो वाढलं. क्लिनिकला फोन केला तर म्हणे ताई, अंगाला लागतंय, वाताची मुलगी आहे, भरतेय आता. माझी आई पण खूश, नात बाळसं धरतेय म्हणून.

भाऊबीजेला साताऱ्याला गेलो आणि पुड्यांची पिशवी घरी राहिली. दुसऱ्या दिवशी मुलगी गळून गेली. तिसऱ्या दिवशी उलट्या, उभं राहिलं की चक्कर, डोकं तर असं धरलं की पूर्वी कधी नव्हतं. बाबा मला काहीतरी होतंय, एवढंच म्हणत होती. मी क्लिनिकला फोन लावला आणि तो माणूस काय म्हणाला ऐका, बघा साहेब, दोन दिवस औषध चुकलं तर काय अवस्था झाली, यावरून समजा औषध किती मोलाचं आहे. त्या क्षणी मला ते पटलं सुद्धा. रातोरात गाडी काढून ठाण्याला आलो, मी पुडी द्यायला निघालो होतो पण मिसेस म्हणाली, अहो आधी डॉक्टर. गाडी तशीच कळव्याला वळवली.

फॅमिली डॉक्टरांनी दारातून आत येणाऱ्या पोरीकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न, "हिला स्टिरॉइड कोण देतंय?" मी म्हटलं काही नाही हो, आयुर्वेदिक चालू आहे. ते काही बोलले नाहीत, शिरेतून इंजेक्शन, सलाइन सुरू केलं आणि ॲडमिट करायला पाठवलं. पुढे हार्मोन्सच्या डॉक्टरांनी सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, रक्तात पाहिलं, पाचाच्या खाली नको तिथे 1.2 आलं. समजावलं ते असं, की किडनीच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात. बाहेरून महिनोन् महिने आयतं मिळालं की त्या काम सोडून देतात. मग बाहेरचं अचानक थांबलं की आतलं पण नाही आणि बाहेरचं पण नाही, बीपी पडतं, माणूस जिवानिशी जाऊ शकतो. आणि सुरुवातीला डोकं थांबलं ते का? स्टिरॉइडने मायग्रेन काही काळ दबतं, हॉस्पिटलात लांबलेल्या अटॅकला कधीकधी देतात पण. म्हणजे आमच्या "जडीबुटी"चा गुण खरा होता, जडीबुटी खोटी होती.

चरईत आमच्या ओळखीचे वैद्य आहेत, त्यांना डबी दाखवली तर ते माझ्यापेक्षा जास्त भडकले. पुड्या मीही बांधतो, पण आत काय आहे ते चिठ्ठीवर लिहून देतो, म्हणाले. तयार विकलेलं आयुर्वेदिक औषध असेल तर लेबलवर घटक, लायसन्स नंबर, बॅच नंबर हवाच, 1940 च्या औषध कायद्यात आयुर्वेदिकही येतं. आणि त्या साहेबांच्या नावापुढची डिग्री महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे शोधली का? नव्हती शोधली. शोधली तेव्हा त्या नावाचं कोणी निघालंच नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो, एक रुपया परत नाही. पोलिसात पावती बघून विचारलं की यात औषध कुठे लिहिलंय, तरी लेखी अर्ज देऊन पोच घेतली. एफडीएच्या, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या टोल फ्री नंबरवर, 1800222365, फोन केला, तिथून सांगितलं की उरलेल्या पुड्या उघडू नका, फेकू नका, तशाच ठेवा आणि लेखी तक्रार द्या. दिली. तोवर दुसऱ्या मजल्यावर शटर आणि "भाड्याने देणे आहे". नाव इथे लिहून उपयोग नाही, कारण परवा मिसेसला गुढीपाडवा ऑफरचा मेसेज आला, फोटो त्याच साहेबांचा, नाव वेगळं, पत्ता खारघरचा. नवी मुंबईवाल्यांनी नाव बघत बसू नका, हातात दांडा देऊन रिपोर्ट काढतात का आणि पावतीवर काय लिहितात ते बघा.

मुलगी बोर्डाला बसली. नौपाड्याच्या डॉक्टरांकडे तोंड पाडून परत गेलो, ते एका शब्दाने लागेल असं बोलले नाहीत, नवीन डायरी दिली. आता रात्री अमिट्रिप्टिलिनची 10 ची गोळी, दर पंधरा दिवसांनी काउन्सेलर, रविवारची टेस्ट सिरीज बंद (क्लासने फी परत केली नाही, तो वेगळा विषय), अकराला मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. डायरीत महिन्याला तेरा-चौदा दिवस असायचे ते आता पाच-सहा आहेत. गोळीने की झोपेने, विचारलं तर डॉक्टर म्हणाले सांगता येणार नाही. या वेळी उत्तर ऐकून घेतलं.

वजन हळूहळू उतरतंय, पोटावरच्या रेघा फिकट होतात, पूर्ण जात नाहीत म्हणे. एकदम बंद नको म्हणून डॉक्टरांनी स्टिरॉइडच्याच, हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिल्यात, त्या थोड्या थोड्या कमी करत चालल्यात. तिच्या कंपासमध्ये डॉक्टरांनी दिलेली एक चिठ्ठी असते, ताप, उलट्या, अपघात, ऑपरेशन काहीही झालं तर हिला स्टिरॉइडचा डोस लागेल असं लिहिलेली. म्हणून कोणाच्या घरी अशा पुड्या आता चालू असतील आणि हे वाचून धास्ती बसली असेल, तर रागाच्या भरात आज रात्री त्या कचऱ्यात टाकून एकदम बंद करू नका. पुड्यांसकट पेशंटला उद्या सकाळी एमडी डॉक्टरकडे न्या, आणि चक्कर, उलट्या सुरू झाल्या असतील तर उद्याची वाट न बघता कॅज्युअल्टीला जा आणि सांगा की स्टिरॉइड असू शकतं.