ठाण्यात बसून बँडकॅम्प: पावसाळ्यापासूनचा अनुभव

बँडकॅम्प म्हणजे इंटरनेटवरचं संगीताचं दुकान. महिन्याचे पैसे भरले की जगातलं सगळं मोकळं, असला प्रकार इथे नाही. एकेक अल्बम उघडायचा, ऐकायचा, मनात बसला तर विकत घ्यायचा आणि स्वतःकडे उतरवून ठेवायचा. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून मी ते जवळजवळ रोज वापरते आहे. मला ते मनापासून आवडलं आहे, आणि ज्यांना लोकसंगीताची, बँजो-फिडलची, अमेरिकी खेड्यांकडच्या कंट्री गाण्यांची, कंट्री-रॉकची ओढ आहे त्यांनी ते वापरावंच असं माझं मत आहे. मात्र ते वापरायची एक रीत आहे. ती अंगवळणी पडायला वेळ लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

याआधी मी ज्या स्ट्रीमिंग सेवेचे पैसे भरत होते, तिथे कंट्री म्हटलं की तेच ते चकचकीत आवाज यायचे. फोक म्हटलं की हळू गिटार छेडणारी, एकमेकांपासून वेगळी न काढता येणारी गाणी. रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बरने बेलापूरला जायचं, तेवढ्या वेळात एक अल्बम आरामात ऐकून होतो. पण अल्बम असा कुणी पुढ्यात ठेवतच नव्हतं. सगळी सुटी सुटी गाणी.

मैत्रिणी विचारतात, मराठी घरात वाढलेल्या तुला हे कंट्री कुठून लागलं? पेडल स्टील गिटारमुळे. हे वाद्य आडवं ठेवून वाजवतात. डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हातात नख्या, पायाखाली पेडल आणि गुडघ्यांशी तरफा. तार वाजत असतानाच तिचा ताण बदलतो, त्यामुळे सूर तुटत नाही, घसरत जाऊन दुसऱ्या सुरावर टेकतो. मींड ऐकत वाढलेल्या कानाला ते ओळखीचंच वाटतं. तसंही हे हवाईयन गिटारच्या कुळातलं वाद्य. सुनील गांगुलींनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या कॅसेट कित्येक घरांत होत्या, आमच्याही होत्या. ब्रिजभूषण काब्रांनी तर त्या गिटारवर राग वाजवले. त्यामुळे कॅनडातल्या सॅस्कॅचवनच्या माळावरचं गाणं ठाण्यात ऐकताना मला परकं वाटत नाही.

आता शोधायचं कसं. बँडकॅम्पवर कलाकार स्वतःच आपल्या अल्बमला टॅग लावतात: प्रकाराचे, वाद्यांचे, आणि गावाचेही. त्यामुळे गावाच्या नावानेही शोधता येतं आणि ते फार छान आहे. पण माझा अनुभव असा की टॅगने दार उघडतं, घर दिसत नाही. टॅगखाली अक्षरशः ढीग येतो. खरा उपयोग होतो तो माणसं धरून पुढे जाण्याचा. अल्बमसोबत श्रेयनामावली असेल तर ती वाचायची, साथीला कोण आहे ते बघायचं, कुठल्या लेबलने, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीने, काढलाय ते बघायचं आणि त्या लेबलला फॉलो करायचं. आणि अल्बमच्या पानावर, तो विकत घेतलेल्या लोकांची चिमुकली चित्रं असतात, त्यांवर टिचकी मारायची. त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. माझ्याकडचे दोन-तीन आडवाटेचे अल्बम ज्याच्याकडे आहेत, त्याच्या कपाटातलं चौथं बहुतेक वेळा मला आवडतंच. कुठल्याही यंत्राने सुचवलेल्या यादीने मला इतकं काही दिलं नाही.

उदाहरणच देते. केसी अँड क्लेटन ही कॅनडातल्या सॅस्कॅचवनची जोडी, नात्याने दूरचे भाऊबहीण, गुराढोरांच्या मुलखात वाढलेले. गाणी जुन्या वळणाची, गिटार अतिशय नेटकी. त्यांनी 2020 मध्ये न्यूझीलंडच्या मार्लन विल्यम्सबरोबर एक अल्बम केला. तो ऐकून मी मार्लनकडे गेले. तो लिटलटनचा. हे क्राइस्टचर्चजवळचं छोटं बंदर, मध्ये डोंगर आणि डोंगरातून बोगदा. तिथेच डेलानी डेव्हिडसन भेटला. या दोघांनी मिळून जुन्या कंट्रीच्या अंगाने जाणारे अल्बम केले आहेत, आणि त्यातली उदासी खरी आहे, ओढूनताणून आणलेली नाही. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपाचं केंद्र लिटलटनपासून जवळच होतं. गावातल्या कितीतरी इमारती मोडल्या, आणि तिथल्या गाणाऱ्या मंडळींनी एकत्र येऊन ‘द हार्बर युनियन’ नावाने अल्बम केला. एवढ्याशा गावात इतके गाणारे, आणि सगळे एकमेकांच्या अल्बमवर साथीला! एकाला धरलं की बाकीचे आपोआप हाती लागतात. मार्लनने 2025 मध्ये काढलेला अल्बम तर संपूर्ण माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ लोकांच्या, भाषेत आहे. कंट्रीपासून सुरुवात केलेला माणूस आपल्या भाषेपर्यंत कसा आला, हे क्रमाने ऐकलं तरच कळतं.

माझी सगळ्यात लाडकी ओळख मात्र जेक झर्क्सिस फसेलची. हा अमेरिकेतल्या जॉर्जियाचा, आता नॉर्थ कॅरोलिनात राहतो. वडील लोकसंस्कृतीचे अभ्यासक, त्यामुळे लहानपणीच गावोगावच्या गायक-वादकांकडे त्यांच्याबरोबर जाणं. प्रेशस ब्रायंट या ब्लूज गाणाऱ्या बाईंच्या सहवासात तो शिकला. स्वतःची गाणी लिहिण्यापेक्षा जुनी शोधून, त्यांचे तुकडे जोडून, आपल्या इलेक्ट्रिक गिटारवर गातो. त्याच्या 2019 च्या अल्बमातलं पहिलं गाणं म्हणजे चक्क एका मासे विकणाऱ्याची आरोळी आहे. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला 1939 साली ती ध्वनिमुद्रित झाली होती. मंदीच्या काळात सरकारी योजनेतून लोकगीतं गोळा करणारी माणसं फिरत होती, त्यांनी टिपलेली. ती जुनी ध्वनिमुद्रणं लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने नेटवर खुली ठेवली आहेत.

आम्ही चेंदणी कोळीवाड्याजवळ राहतो. आईने दारावर येणाऱ्या कोळणींच्या आरोळ्या उभा जन्म ऐकल्या आहेत. एका रविवारी मी ते जुनं मुद्रण लावलं, खरखर, आणि त्यातून वर येणारा एकट्या माणसाचा आवाज. आई कोथिंबीर निवडत होती. इंग्रजी तिला कळत नाही. ती म्हणाली, “काय विकतोय गं हा?” मी म्हटलं, “मासे.” “मग बरोबर,” ती म्हणाली, “शेवट लांबवतोय बघ. घराच्या मागल्या खोलीत ऐकू जायला हवं ना.” नंतर फसेलचं गाणं लावलं. त्यात ढोल-बास आला आहे, चाल संथ झाली आहे, पण शेवट लांबवण्याची ती लकब कुठे कुठे राहिली आहे. आईने सांगितलं नसतं तर ती माझ्या लक्षात आली नसती.

याच वाटेवर मॉन्ट्रियलची मिरियम जाँद्रों आहे. पुस्तकविक्रीच्या व्यवसायातली बाई, 2021 च्या दुहेरी अल्बमात कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्यूबेकची आणि अमेरिकेची पारंपरिक गाणी फ्रेंच-इंग्रजीत गायली आहेत. तिला ऐकताना मला राहून राहून जात्यावरच्या ओव्या आठवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या आता ग्रामीण भारताविषयीच्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता-वाचता येतात. कुणी मराठी मुलगी गिटार किंवा एकतारी घेऊन त्या ओव्यांवर असाच जीव लावून अल्बम करील का, असं मनात येतं. केला तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

आणि सहारा. अमेरिकेतल्या पोर्टलंडचं सहेल साउंड्स हे लेबल चुकवू नका. सहाराच्या भागात एके काळी गाणी मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून आणि ब्लूटूथवरून गावोगाव फिरायची. ठाणे स्टेशनबाहेरच्या दुकानांत आपणही कार्ड भरून घ्यायचो, तोच व्यवहार. या लेबलच्या क्रिस्टोफर कर्कलीने अशा फोनमधली गाणी गोळा करून आधी संग्रह काढला आणि मग त्या गायकांना शोधून काढलं. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरचा एमडू मॉक्टार असाच पुढे आला. त्याने पहिली गिटार घरीच बनवली, तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या केबल. त्याच देशातल्या ले फी दे इलिघादाद या बायकांच्या गटाचं संगीत तर मला त्याहून जवळचं वाटतं. टेंडे नावाचा ढोल, टाळ्या, एकत्र गाणं आणि त्यात शांतपणे फिरणारी गिटार. ज्यांना कंट्री-रॉक आवडतं त्यांना हे नक्की आवडेल, कारण लांबच लांब उघड्या जमिनीची चाल दोन्हीकडे आहे.

पैशांचं. डिजिटल विक्रीतले 15 टक्के बँडकॅम्प घेतं, सीडी-रेकॉर्ड-टीशर्टवर 10 टक्के, शिवाय पैसे पाठवण्याचा खर्च. सगळं वजा जाता सरासरी 82 टक्के कलाकाराकडे किंवा लेबलकडे जातात असं ते सांगतात. याच्या शेजारी स्पॉटिफायचा 2024 पासूनचा नियम ठेवून बघा: ज्या गाण्याला वर्षभरात 1000 वेळाही ऐकलं गेलं नाही, त्याच्या ध्वनिमुद्रणाला मानधन नाही. मी ज्यांना शोधते त्यांच्यातल्या कितीतरी जणांची गाणी त्या रेषेच्या आसपासची. म्हणून सात ते दहा डॉलर, म्हणजे साधारण सहाशे ते नऊशे रुपये, एका अल्बमला द्यायला मला जड जात नाही. पुष्कळ ठिकाणी किंमत आपण ठरवायची असते, तिथे किमान आकड्याच्या वर चार पैसे टाकावेत. विकत घेतल्यावर कलाकाराला आपलं नाव दिसतं.

बँडकॅम्प फ्रायडे हा प्रकार 20 मार्च 2020 ला, कोविडने कार्यक्रम बंद पडले तेव्हा सुरू झाला. त्या दिवशी बँडकॅम्प आपला वाटा सोडतं. अजूनही वर्षातल्या काही महिन्यांच्या पहिल्या शुक्रवारी तो असतो. वेळ कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्रीपासून मोजतात, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी सुरू होऊन शनिवारी दुपारपर्यंत. मी आवडलेले अल्बम आधी विशलिस्टमध्ये टाकून ठेवते आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी घेते.

आपल्याकडून पैसे भरताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवीन कार्ड देशातल्या वापरापुरतंच सुरू असतं, परदेशी व्यवहार आपल्याला बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. दुसरं म्हणजे फॉरेक्स मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा बँकेचा आकार, बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. माझ्या बँकेने एकदा व्यवहार अडवला आणि तो का अडवला हे सांगायला कुणीच तयार नव्हतं. शाखेत दोन खेटे घातल्यावर सुटला. रेकॉर्ड किंवा सीडी मागवायच्या भानगडीत मी पडत नाही. टपालखर्च वस्तूच्या किमतीला भिडतो आणि वर सीमाशुल्क. डिजिटल घ्यावं, वस्तू बनवायचा-पाठवायचा खर्च नसल्याने त्यात कलाकाराचा फायदाही जास्त.

विकत न घेता ऐकता येतं ते 128 केबीपीएस एमपी3 मध्ये, म्हणजे आवाज थोडा दाबलेल्या रूपात. चाखायला पुरेसं आहे. तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं की आता विकत घ्या अशी पाटी येते, ती कुठे लावायची हे कलाकाराच्या हातात असतं. विकत घेतल्यावर एफएलएसी (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल), डब्ल्यूएव्ही, एमपी3 यांतलं हवं ते उतरवता येतं. एफएलएसीत चाळीस मिनिटांचा अल्बम अडीचशे-तीनशे एमबी होतो. मी घरी एफएलएसी ठेवते आणि फोनमध्ये एमपी3. बेलापूरच्या गाडीत, गर्दीच्या आवाजात, फरक कळत नाही. घरी रात्री चांगल्या हेडफोनवर पेडल स्टील ऐकताना मात्र कळतो, सूर विरत जातो तो शेवटचा भाग एमपी3 मध्ये जरा बोथट वाटतो.

उतरवून घेतलेलं सांभाळून ठेवा, हे आग्रहाने सांगते. 2008 मध्ये सुरू झालेली ही कंपनी 2022 मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने घेतली, 2023 मध्ये ती साँगट्रेडर या संगीताचे परवाने विकणाऱ्या कंपनीकडे गेली, आणि त्या बदलात निम्म्याच्या आसपास कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. ज्यांच्या निवडीवर, लेखांवर लोकांचा विश्वास होता अशी माणसं त्यात होती. तेव्हापासून जगभरचे छोटे कलाकार थोडे धास्तावलेले आहेत. दुकान चालू आहे, कलाकारांना पैसे मिळत आहेत. तरीही माझा सगळा संग्रह एका हार्ड डिस्कवर आहे आणि त्याची दुसरी प्रत भावाकडे कळव्याला.

बँडकॅम्प कुणी वापरू नये? घरकाम करताना मागे काहीतरी वाजत राहावं, एवढंच हवं असेल त्यांच्यासाठी हे नाही. इथे निवडावं लागतं, वाचावं लागतं. एखाद्या संध्याकाळी चार अल्बम उघडून एकही मनाला न लागण्याची तयारी लागते. हिंदी-मराठी चित्रपटसंगीतासाठीही इथे येऊ नका.

आपल्याकडच्या लोककलावंतांनी मात्र जरूर यावं. कलाकाराला पैसे पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेमार्फत मिळतात आणि परदेशातून आलेले पैसे भारतात पेपॅलवर घेता येतात. भारूड, पोवाडा, गोंधळ, कोळीगीतं यांचं नीट केलेलं ध्वनिमुद्रण, सोबत शब्द आणि दोन परिच्छेद माहिती, एवढं टाकलं तर ते ऐकणारे लोक तिथे आहेत. मी स्वतः नायजरचं आणि न्यूझीलंडचं ऐकते, तर तिकडचं कुणी आपलं का नाही ऐकणार? आमच्या ओळखीतल्या एका गोंधळी काकांच्या मुलाला मी पान उघडून देणार आहे. त्याच्याकडे वडिलांच्या संबळाची फोनवर केलेली मुद्रणं आहेत, पण ती पुन्हा चांगल्या मायक्रोफोनवर करायला हवीत.

नव्याने येणाऱ्यांनी सुरुवात फसेलच्या 2019 च्या अल्बमापासून करावी. मग इलिघादादच्या बायका, आणि त्यानंतर लिटलटनची मंडळी.